भरल्या पोटाची कोळंबी

“एक उपटलं की चार उगवतात. मग उपटायचं तरी कसं, बाई?”

याच काळजीनं रात्री माझा डोळा लागला नव्हता. दिवाणखान्यातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत तपकिरी समुद्रफुलं माजली होती. नखाएवढी, दिसायला नाजूक, पण डंख मारणारी. त्यातलं एक तर माझ्या लेकीच्या, ओवीच्या वाढदिवसाला आणलेल्या गुलाबी पोवळ्याला जाऊन भिडलं होतं. पोवळ्याची कड पांढरी पडत चालली होती. ते मेलं तर सात वर्षांच्या मुलीला सांगायचं काय?

परुळेकर बाई टाकीसमोर बसल्या. कॉलेजात त्या आम्हाला प्राणिशास्त्र शिकवायच्या. आता घरी अशाच टाक्या सांभाळतात.

“उपटलंस कशानं?”

“चिमट्यानं. अगदी मुळापासून!”

“तुकडा राहिला असेल दगडावर. त्याचंच नवं फूल होतं.”

“माहितीये, बाई. म्हणून तर ही लाल पट्ट्यांची कोळंबी आणली. समुद्रफुलं खाते ना! मी सगळं वाचलंय. पण ही ढुंकून बघत नाही त्यांच्याकडे.”

“टाकीत खाणं कोण घालतं?”

“सगळेच! घरी येईल त्याच्या हातावर मी चिमूटभर ठेवतेच. शेजारच्या काकू तर दोनदा घालतात.” मान जरा ताठच झाली माझी. “आमच्याकडे कुणी उपाशी राहत नाही, बाई.”

“हं...”

बाईंची बशी रिकामी दिसली. मी शिरा वाढला. त्या नको म्हणाल्या, तरी परत वाढला.

त्यांनी सगळा संपवला. मग बशी पुढे केली.

“आता कारल्याची भाजी वाढ.”

“शिऱ्यावर कारलं? एवढं खाल्ल्यावर कशाला कुणी...”

मी थांबले.

कोळंबी दगडावर निवांत मिशा हलवत होती.

बाईंनी खाद्याचा डबा उचलला आणि टाकीला नाक लावून उभ्या असलेल्या ओवीच्या हातात दिला. “आजपासून हा तुझा. आठवेल तेव्हा चिमूटभर घाल.”

“अहो बाई, ही शाळेतून स्वतःचा डबा आणायला विसरते!”

“म्हणूनच.”

ओवीनं डबा कुठे ठेवला, ते मला शेवटपर्यंत सापडलं नाही. म्हणजे... मी शोधत होते.

पुढच्या महिन्यात बाई पुन्हा आल्या. मासे टुणटुणीत होते. दगड स्वच्छ, एकही समुद्रफूल नाही. गुलाबी पोवळं असं फुललं होतं, की मी दिवाणखान्यातले बाकीचे दिवे मुद्दाम बंद ठेवले होते.

“सगळं माझ्या लेकीनं केलं, बाई!”

“आणि तू?”

“मी? काहीच नाही केलं.”

बाईंनी ओवीकडे पाहिलं. “खरं?”

ओवीनं डबा पाठीमागे लपवला. जरा विचार केला...

“हो. पण त्यात आई खूप दमली.”