पाटी बुडवणारं गाव

फार फार वर्षांपूर्वी, महिन्यांची पानं भिंतीवर टांगायची रीत अजून आली नव्हती तेव्हा, खाडीकाठच्या एका गावात एका आईच्या डोळ्याला तीन रात्री डोळा लागला नव्हता. काळजी लेकीची होती. लेक सात वर्षांची. तिच्या बरोबरीची पोरं अकराव्या पाठावर पोचली होती आणि ही अजून तिसऱ्यावरच रेंगाळत होती.

लहानांनो, तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? मोठ्यांनो, तुम्ही काहीच म्हणणार नाही, कारण असल्या काळजीने तुम्हीही कधीतरी कूस बदलत पडला असाल. पण त्या गावात ही गोष्ट खरोखरच साधी नव्हती.

तिथे गुरुजींच्या शाळेत चाळीस पाठ शिकवत. पेरणीचा पाठ, तापाचा पाठ, भरतीचा पाठ, अगदी पाहुण्यांना निरोप कसा द्यायचा त्याचासुद्धा पाठ. बाराव्या वर्षी जो चाळीसही पाठ न अडखळता म्हणून दाखवी, त्याच्या पाटीला हळदकुंकू लावायचं, ढोल वाजवत ती खाडीवर न्यायची आणि बुडवायची. मग सगळ्या गावाला गुळाची खीर. पाटी बुडाली की शिकणं संपलं. त्या दिवसापासून त्या माणसाने कुणाला काही विचारायचं नाही, आणि त्याला कुणी विचारलं तर ‘माहीत नाही’ म्हणायचं नाही. ज्याची पाटी बुडत नसे तो जन्मभर ‘पाटीवाला’. पिकल्या केसांनीही त्याला पोरांच्या पंगतीत जेवायला बसवत.

त्यामुळे गावातली मोठी माणसं दिवसभर नुसती उत्तरं देत. भाकरी का फुगते? “आनंदाने.” कुत्रा झोपेत का भुंकतो? “राखण करतो.” विचारणारं पोर मान डोलावून निघून जाई आणि सांगणारा मिशीवरून हात फिरवी.

या आईची पाटी तिच्या वर्गात सर्वांत आधी बुडाली होती. म्हणून तर गावाची उघाडी तिच्या हाती दिलेली. गावाची भातशेती खाडीच्या काठाला होती आणि मध्ये मातीचा लांब बांध होता. त्या बांधात एक लाकडी दार होतं, तीच उघाडी. ओहोटीला ती वर उचलायची, म्हणजे शेतात साचलेलं पावसाचं पाणी खाडीत उतरून जाई. भरती यायच्या आत दाराची फळी खाली सोडायची, म्हणजे खारं पाणी शेतात शिरत नसे. खारं पाणी एकदा शिरलं की तीन वर्षं तिथे गवताची काडी उगवत नाही. केव्हा उचलायची, केव्हा सोडायची, हे सगळं भरतीच्या पाठात होतं आणि तो पाठ आईला झोपेतसुद्धा म्हणता येई.

फक्त आता झोपच येत नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी ती उघाडीवर गेली. लेक बरोबर होती. शाळेला उशीर होत होता, पण लेकीला बांधावर पोटावर पडून चिखल बघायचा होता. चिखलात निवट्या होत्या. निवट्या म्हणजे बोटाएवढे मासे, पाणी सोडून चिखलावर उड्या मारणारे, डोक्यावर डोळे असलेले.

“आई, निवट्या आजकाल लवकर वर येतात. का गं?”

“ऊन खायला,” आई म्हणाली. उत्तर कसं पटकन आलं! पहिल्या नंबराची ना ती.

“पण ऊन तर खालीपण आहे.”

“खालचं ऊन ओलं असतं.”

लेकीने आईकडे पाहिलं. दप्तर उचललं आणि निघाली. ते पाहणं आईला फार लागलं. पोरगी आपल्यावर विश्वास ठेवत नाही याचं तिला दुःख नव्हतं. पोरगीचं बरोबर आहे, याचं होतं.

ती मग स्वतःच बांधावर पोटावर पडली. कुणी पाहील म्हणून आधी दोन्हीकडे बघून घेतलं.

निवट्या वर सरकत होत्या. त्यांच्यामागे खेकडे सरकत होते. आणि त्यांच्यामागे, पाठाप्रमाणे अजून यायचं नव्हतं असं पाणी हळूहळू येत होतं. त्या दिवशी भरती लहान होती, पाणी उघाडीच्या उंबऱ्याशी येऊन थांबलं. पण अमावास्येला सहा दिवस उरले होते, आणि भादव्यातल्या अमावास्येची भरती लहान नसते.

खाडीकाठी एक म्हातारी खेकडे धरी. तिची पाटी कधीच बुडाली नव्हती. सगळं गाव तिला कोरी म्हातारी म्हणे. आई तिच्यापाशी जाऊन उभी राहिली आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा तिने तोंडातून प्रश्न काढला.

“आजी, पाणी लवकर येतंय का हो?”

म्हातारी हसून हसून खाली बसली. “अगो बाय, तू मला विचारतेस? उद्या मला खुर्चीवर बसवाल!”

“थट्टा नका करू. सांगा ना.”

“मला काय माहीत? खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा होता तो गेल्या वादळात फुटला, तेवढं दिसलं. आता पाण्याला आडवं यायला कोण? पण ते आज तसं आहे. उद्याचं उद्या जाऊन बघायचं.”

“तुम्ही सत्तर वर्षं बघताय. तुम्हाला तरी नक्की कळत असेल.”

म्हातारीने अंगठा पुढे केला. अंगठ्यावर ताजी जखम होती. “सत्तर वर्षं खेकडे धरते. कालचा हा बघ, मला नवीन होता.”

आई तडक गुरुजींकडे गेली. गुरुजी ओसरीवर बसून पाठ घोकून घेत होते.

“गुरुजी, दांडा फुटलाय. भरती लवकर येतेय. पाठ बदलायला हवा का?”

पोरांचं घोकणं थांबलं. गुरुजींनी हळूच उपरणं सावरलं. “तू आत्ता मला प्रश्न विचारलास?”

“हो.”

“तुझी पाटी मीच बुडवली होती, मुली. खीरसुद्धा आठवते मला. पाठात काय आहे?”

“अमावास्येला ऊन देवळाच्या तिसऱ्या पायरीवर उतरलं की उघाडी सोडावी.”

“मग? देऊळ हललंय का?”

पोरं खिदळली. लेक मात्र हसली नाही. ती आईकडे टक लावून बघत होती.

“आणि हे बघ,” गुरुजी म्हणाले, “तुझी मुलगी तिसऱ्या पाठावर का अडली ते आज कळलं. घरातच प्रश्न विचारतात.”

आईचे कान गरम झाले. ती घरी आली आणि बराच वेळ भांडी घासत बसली. भांडी स्वच्छच होती. तिचं खरं काय अडलं होतं ते सांगतो. उघाडी उशिरा सोडली तर खारं पाणी शिरणार. पण उगाच लवकर सोडली, तर पावसाचं पाणी शेतात अडणार आणि दाण्यावर आलेलं भात सडणार. दोन्हीकडून सगळ्या गावाचं ताट तिच्या एका हातात. चुकली असती, तर तिच्याबरोबर लेकही जन्मभर पोरांच्या पंगतीत बसली असती.

मग तिने एक गोष्ट केली. रोज सकाळी ती ओहोटीच्या चिखलात उतरली. निवट्या कुठवर आल्या, पाणी कुठवर आलं, त्या वेळी ऊन देवळाच्या कुठल्या भागावर होतं, हे बघत राहिली. तिसऱ्या दिवशी पायाला काहीतरी टोचलं. उपसून काढलं तर पाटी! कुणाची ते कळत नव्हतं, एक कोपरा फुटलेला होता. आईने ती पदराने पुसली आणि त्यावर त्या दिवशी पाहिलेलं आणि उद्या पाणी कुठवर येईल ते लिहिलं. दुसऱ्या दिवशी ते चुकीचं निघालं. तिने ते पुसून नवीन लिहिलं. लाज वाटेल असं तिला वाटलं होतं. उलट त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

अमावास्या उजाडली. दोन दिवस पाऊस पडून गेला होता आणि शेतं तुडुंब होती. उघाडीतून पाणी धो धो खाडीत जात होतं. ऊन नुकतंच देवळाच्या कळसावर आलं होतं, आणि निवट्या बांधाच्या निम्म्यावर चढल्या होत्या.

आईने फळी खाली सोडली.

धो धो आवाज थांबला, तसं गाव धावत आलं. “वहिनी, काय करताय? शेतं बुडतील!” “कळसावर ऊन आहे अजून, दिसत नाही का?” गुरुजीही काठी टेकत आले. आई फळीवर बसली होती, शेजारी लेक, आणि दोघींच्या मध्ये ती फुटकी पाटी.

“उठ,” गुरुजी म्हणाले. “पाठात तिसरी पायरी आहे.”

“पाठ बांधला तेव्हा दांडा होता, गुरुजी.”

“मग पाणी नक्की केव्हा येणार, सांग! तुझी पाटी बुडालीय, उत्तर दे!”

आईने पाटीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

“माहीत नाही.”

कुणीतरी कानांवर हात ठेवले. गुरुजींच्या हातातून काठी सुटली.

“माहीत नाही,” आई पुन्हा म्हणाली, आता मोठ्याने. “सहा दिवस बघितलं, तीनदा चुकले. पण आज लवकर येतंय असं दिसतंय. तुमच्यापैकी कुणी आज खाली वाकून बघितलंय? नसेल बघितलं, तर मी उठणार नाही.”

“उचला रे तिला आणि फळी वर ओढा,” गुरुजींनी हुकूम दिला. एक दांडगा शेतकरी पुढे आला.

“ओढा ना, भाऊजी,” आई म्हणाली. “आधी त्या निवट्यांना खाली जायला सांगा. त्यांनी ऐकलं तर मी आपणहून उठते.”

शेतकऱ्याने खाली वाकून पाहिलं. शाळा सुटल्यापासून तो पहिल्यांदाच तिथे वाकला होता. मग तो तसाच राहिला. “गुरुजी,” तो म्हणाला, “पाणी वळतंय.”

ऊन देवळाच्या पहिल्या पायरीला शिवलंही नव्हतं, तोवर खाडी फळीच्या निम्म्याला आली. तिसऱ्या पायरीवर पोचेपर्यंत खारं पाणी बांधाच्या माथ्याखाली दोन बोटांवर आलं होतं. फळी कुरकुरली, पण हलली नाही. शेतात एक थेंब गेला नाही.

एक सांगायचं राहू नये. आईने उघाडी थोडी जास्तच लवकर सोडली होती. सखल बाजूचं एक खाचर पावसाच्या पाण्यात राहिलं आणि तिथलं भात सडलं. आई त्या घरी गेली, “माझं चुकलं, पुढच्या वेळी अर्धी फळी सोडून बघेन,” म्हणाली. आपल्या भातातली दोन मापटी ठेवून आली. असं बोलायला कुणी दारात आल्याची त्या गावात ती पहिलीच वेळ होती. घरधनीण इतकी गोंधळली की तिने आईला बसायला पाट दिला.

गुरुजी काही बदलले नाहीत. चार दिवसांनी ते म्हणाले, “ठीक आहे, मी एकेचाळिसावा पाठ बांधतो. अमावास्येला ऊन कळसावर आलं की...”

“नका बांधू, गुरुजी,” आई म्हणाली. “पुढच्या वादळात तोही खोटा पडेल.” आणि तिने फुटकी पाटी उघाडीच्या खांबाला टांगली. रोज बघायचं, लिहायचं, दुसऱ्या दिवशी पुसायचं. आधी ती एकटी लिही. मग दांडगा शेतकरी लिहू लागला, अक्षर फार वाईट. मग एकदा कोरी म्हातारी आली आणि तिने लिहिता येत नाही म्हणून खेकड्याचं चित्र काढलं. त्या वर्षी पाटी बुडवायच्या दिवशी ढोल वाजले, खीर झाली, पण खाडीवर पाट्या घेऊन एकही पोर गेलं नाही. सगळ्यांनी त्या परत घरी नेल्या. खीर मात्र सगळ्यांनी खाल्ली.

त्या संध्याकाळी आई लेकीला घेऊन बांधावर बसली. तिला जरा अभिमान वाटत होता. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून तिने सांगितलं, आणि तेच या गोष्टीचंही सांगणं आहे: “बाळा, जो रोज वाकून बघतो तो रोज शिकतो, आणि ज्याचं शिकणं संपलं, त्याचं फक्त बघणं संपलेलं असतं.”

लेकीने थोडा विचार केला.

“मग आई,” ती म्हणाली, “तुझंच अजून संपलेलं नाही, तर माझ्या मागे एवढी घाई का लावतेस?”