तासाची रंगीत तालीम

"...पण सर, तपासल्याशिवाय दर्जा कळणार तरी कसा?"

"तपासायलाच हवं," अंतरकर सर म्हणाले.

निनाद गोंधळला. तो आपल्या जुन्या शिक्षकांशी वाद घालायच्या तयारीने त्यांच्या घरी आला होता. जर्मनीत शिकून तो आपल्याच गावच्या कॉलेजात परतला होता, आणि पदार्थविज्ञानाचा नवा पदवी अभ्यासक्रम त्याने जिद्दीने उभा केला होता. उद्या मूल्यांकन समिती त्याचा तास बघायला येणार होती. श्रेणी घसरली, तर अभ्यासक्रम बंद.

"मग आज आमची तालीम बघायला या."

निवृत्तीनंतर पहिल्यांदाच सर वर्गात आले. मागच्या बाकावर बसले.

फळ्याशेजारी लंबक टांगला होता. निनादने त्याला हलकासा झोका दिला. ठरलेल्या मुलांनी ठरलेले प्रश्न विचारले. शेवटी टाळ्या पडल्या, त्याही ठरल्याप्रमाणे.

मुलं पांगली.

"विद्यार्थ्यांचा सहभाग... पैकीच्या पैकी, नाही का सर?"

सरांचा उजवा हात वर होता.

"सर, हात...?"

"मघापासून वरच आहे."

निनाद ओशाळला. "मला दिसलाच नाही."

"माझ्या शेजारच्या जुईलीचाही नाही दिसला. पोरांना दिसला. पोरं म्हणाली, 'ए, हात खाली घे, तुझा डायलॉग नाहीये!'"

"काय विचारायचं होतं तिला?"

"झोका खूप मोठा दिला, तर?"

निनाद लंबकाकडे बघत राहिला. फळ्यावरचं झोक्याच्या वेळेचं सूत्र लहान झोक्यापुरतंच खरं होतं. आज ते कुणी बोललंच नव्हतं... त्यानेही नाही.

"वेळ जास्त लागेल," तो हळूच म्हणाला.

"किती जास्त?"

"या लंबकाला? ...मोजूनच बघावं लागेल."

त्याचे डोळे क्षणभर चमकले. मग चेहरा पडला.

"पण सर, उद्या तिने हे विचारलं आणि मी तिथेच मोजत बसलो, तर अख्खा तास बिघडेल!"

सर उठले. त्यांनी लंबक थेट खांद्यापर्यंत ओढला... आणि सोडून दिला.

"बिघडू दे की. नाहीतर ते तपासणार काय?"