नारळ घेऊन आलेले

"महाराजांनी फक्त नाव घ्यायचं. आयर्लंड की हैदराबाद?"

निनाद कासलेने तोच प्रश्न पुन्हा विचारला.

शंभुपुरी महाराज मठाच्या ओट्यावर गुळवेलीची साल काढत बसले होते.

"मी दोन्ही पाहिलेली नाहीत," ते म्हणाले.

"गावांचं नाही विचारत. शिक्षणाचं विचारतोय."

"मग शिक्षणाचं सांग."

निनादने सांगितलं. तो फार्मसीची पदवी घेऊन आला होता. आता त्याला रेग्युलेटरी अफेअर्समध्ये पुढची पदवी घ्यायची होती. नवं औषध निघालं, तर ते लोकांना द्यायची परवानगी आधी सरकारकडून मिळवावी लागते. त्यासाठी काय तपासायचं, काय सिद्ध करायचं, याचं ते शास्त्र. आयर्लंडच्या विद्यापीठात ते एका वर्षात शिकवत. शिकवणारे मोठमोठ्या कंपन्यांमध्ये परवानग्या मिळवून आलेले. हैदराबादला दोन वर्षं लागत. दोन्हीकडे त्याला जागा मिळाली होती. उद्या एकीला हो म्हणायचं होतं.

"हैदराबादला दुप्पट वेळ का लागतो?"

"सुरुवातीला सहा महिने वर्गच नसतो. ज्यांनी औषध घेतलंय, त्यांच्या घरी पाठवतात. बरं वाटलं का, त्रास झाला का, घ्यायचं सोडलं तर का सोडलं, हे विचारत फिरायचं." निनाद हसला. "जनगणनेला आल्यासारखं."

पलीकडे अडुळशाची पानं निवडत बसलेले केशवपुरी हे महाराजांचे जुने शिष्य. ते म्हणाले, "चहा तरी पाजत असतील की घरोघरी."

महाराज हसले.

निनादचं हसू मात्र गेलं.

"मला एवढा वेळ नाही, महाराज."

"वेळ कुणाला नाही? आई कुठंय?"

निनादने मान वळवली. ओट्यावरून टेकडीचा पायथा दिसत होता. तिथे रसवंतीच्या मांडवात आई खुर्चीवर बसली होती. एवढ्या उंचीवरून चेहरा नीट दिसत नव्हता, पण पिवळ्या साडीतली तिची हालचाल कळत होती.

"तिला आता पायऱ्या होत नाहीत," तो म्हणाला. "आधी माझ्या पुढं चढायची. वर पोचून मला हाका मारायची."

"हं."

"स्नायू झिजत चाललेत तिचे. बाहेरच्या देशात त्यावर औषध निघालंय. आपल्याकडे त्याला परवानगी नाही. अजून पुरावा आणा म्हणतात." तो थांबला. "ती रोज सकाळी मूठ वळून बघते, किती वळते ते. मला दिसू नये म्हणून पदराखाली बघते."

महाराजांच्या हातातला चाकू थांबला होता.

"मला ते औषध तिच्या हातावर ठेवायचंय," निनाद म्हणाला. "दुसरं काहीच नको. अडवून धरणारे पुष्कळ आहेत. मला सोडवून आणायला शिकायचंय. लवकर."

महाराज उठले. आत गेले.

बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात पितळेची वाटी होती. आत काळसर काढा. वाफ येत होती.

"हातापायाची ताकद जाते, त्याला आपल्याकडे हे देतात," ते म्हणाले. "माझ्या गुरूंच्याही आधीपासून. घे. आईला पाज."

मठाची रीत होती. औषध महाराजांनी रोग्याला द्यायचं नाही. घरच्या माणसानं आपल्या हातानं पाजायचं.

निनादने दोन्ही हातांनी वाटी घेतली. त्याचे डोळे भरून आले. तो घाईनं पायऱ्यांकडे वळला, थोडा उतरला...

आणि थांबला.

"महाराज, यात काय आहे?"

"पाला आहे. मुळ्या आहेत."

"कसल्या?"

"गुरूंनी दाखवल्या त्या."

"ती सध्या गोळ्या घेते. त्यांच्यावर हे चालेल?"

"माहीत नाही."

"...आधी कुणी घेतलंय?"

"खूप जण घेऊन गेले."

"बरे झाले?"

"बरे झाले ते नारळ घेऊन परत आले."

"ओसरी बघा की," केशवपुरी म्हणाले. "पाय ठेवायला जागा नाही. खोबरं वाटून वाटून माझे हात दुखतात."

निनादने ओसरीकडे पाहिलं. कोपऱ्यापासून दारापर्यंत नारळांचा ढीग होता. काहींवरचं कुंकू अजून ओलं वाटत होतं.

"आणि बाकीचे?" त्याने विचारलं.

"बाकीचे आले नाहीत," महाराज म्हणाले.

"म्हणजे त्यांना गुण आला नाही?"

"आलाही असेल. विसरले असतील."

"किंवा बाधलं असेल."

"तेही असेल."

"तुम्हाला कळलं नाही?"

"विचारायला कोण गेलं?"

वारा आला. वाटीतली वाफ एका बाजूला झुकली.

"मी आधी पिऊन बघतो," निनाद म्हणाला.

"तुला कुठं रोग झालाय?"

त्याने ओठांजवळ नेलेली वाटी पुन्हा खाली घेतली.

खाली मांडवात आईने त्याला पाहिलं होतं. तिने हात वर केला. हात खांद्यापर्यंतच आला. मग दुसऱ्या हाताने कोपराला आधार देऊन तिने तो आणखी थोडा उचलला.

"त्या उठायला लागल्या बघा," केशवपुरी म्हणाले. "त्यांना वाटी दिसली असणार. जा की आता. एवढ्या शंका घेऊन माणूस लग्नालासुद्धा उभा राहत नाही."

निनाद जागचा हलला नाही.

"नको असेल तर ओतून टाक झाडाला," महाराज म्हणाले.

"नाही."

"का रे?"

"लागू पडलं तर?" निनाद म्हणाला. "महाराज, तिला हेच लागू पडणार असलं तर?"

निनाद पायरीवर बसला. वाटी त्याने गुडघ्यांवर धरली. देता येत नव्हती. टाकता येत नव्हती. खाली आईने खुर्चीचा दांडा धरून उठायचा प्रयत्न केला, तिला जमलं नाही, ती परत बसली. रसवाल्याने तिच्यापुढे पेला ठेवला. तिने पेल्याकडे पाहिलं नाही. ती वरच बघत होती.

लहान असताना दम लागला की निनाद याच पायऱ्यांवर बसायचा. तेव्हा ती वरून त्याच्याकडे अशीच बघायची.

बऱ्याच वेळाने महाराज उतरले आणि त्याच्या शेजारी बसले.

काढा निवून गेला होता.

"जे आले नाहीत," निनाद म्हणाला, "त्यांची गावं तरी ठाऊक आहेत?"

"काहींची आहेत."

"केशवपुरींना?"

"मला लातूरपर्यंतची सगळी ठाऊक आहेत," केशवपुरी वरून म्हणाले. या वेळी त्यांनी चेष्टा केली नाही. पानं निवडणारा त्यांचा हातही थांबला होता. "पण जाऊन काय विचारायचं, बाळा? कुणाच्या दारात उभं राहून काय म्हणायचं?"

"ते मलाही येत नाही," निनाद म्हणाला.

त्याने खाली आईकडे पाहिलं.

"हैदराबाद," तो अगदी हळू म्हणाला. जवळचं काहीतरी हातातून खाली ठेवावं तसं. "दोन वर्षं लागतील, महाराज. त्यानंतर कुठं सुरुवात. तोवर तिची मूठ..."

महाराजांनी त्याच्या हातातून वाटी घेतली नाही. त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तेही खाली बघत राहिले. पिवळी साडी हलत नव्हती. आईचा हात पुन्हा तसाच वर होता, दुसऱ्या हाताच्या आधारानं.

"ती वाट बघतेय," निनाद म्हणाला. "खाली गेल्यावर तिला काय सांगू?"

"औषध मिळालं होतं म्हणावं," महाराज म्हणाले. "आई, मीच तुला दिलं नाही."