माळाच्या नावाची दवंडी

दुसऱ्याला उणे दाखवून मिळवलेली गोष्ट तुमच्या अंगी कधी लागली आहे का?

पूर्वी गोदेकाठच्या एका नगरात सोमवर्मा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व माळरानावर खवले मांजराच्या जन्माला आले होते. त्याच माळावर एक माळढोक पक्षीण राहत असे. मांसासाठी माळढोक आणि खवल्यांसाठी खवले मांजरे मारली जात. दोन्ही कुळांत आता मोजकेच जीव उरले होते.

राज्याभिषेकाच्या दिवशी एका प्राण्याच्या नावाने अभयाची दवंडी पिटायची, अशी तिथली रीत होती. त्या वर्षी दोघांतून एकाला निवडायला राजाने त्यांना दरबारात बोलावले. पक्षिणीने नुकतेच आपले एकुलते अंडे घातले होते. तिने मान उंच केली.

“महाराज, याला कसलं अभय? तोंडात दात नाही, अंगावर पीस नाही. दिवसभर झोपतो, मुंग्या चाटतो आणि जरा खुट्ट झालं की गोळा होऊन पडतो. यापेक्षा नारळ बरा, फोडला तर पाणी तरी निघतं!”

सगळा दरबार हसला.

बोधिसत्त्व शांतपणे म्हणाले, “ताई म्हणते ते खरं आहे, महाराज. तिचं अंडं उघड्या जमिनीवर असतं. मला निदान बीळ आहे. अभय तिलाच द्या.”

पक्षिणीची मान आपोआप खाली गेली. परवाच शिकाऱ्यांनी शेजारच्या बिळात धूर कोंडून एका खवले मांजरीला पिल्लासकट बाहेर ओढलेले तिने डोळ्यांनी पाहिले होते. आता गप्प राहिले तर अंडे वाचणार होते. पण मग त्या अंड्यावर बसायचे तरी कोणत्या तोंडाने? पिसांच्या आत तिचे अंग पोळू लागले.

“महाराज, बीळ त्याला वाचवत नाही,” ती कशीबशी म्हणाली. “मला ठाऊक होतं. तरी मी त्याला हसले.”

राजा अडखळला. “पण दवंडी एकाच नावाची असते.”

“मग माळाचं नाव घ्या, महाराज,” बोधिसत्त्व म्हणाले. “आम्ही दोघं तिथंच राहतो.”

राजाने तसेच केले. माळावर पुन्हा शिकारी फिरकले नाहीत. पक्षीण मात्र कितीतरी दिवस बोधिसत्त्वांकडे सरळ पाहू शकली नाही.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, उग्गत नावाच्या भिक्खूला सांगितली. कोरडी कुटी आपल्याला मिळावी म्हणून त्याने म्हाताऱ्या पुण्णक भिक्खूची चारचौघांत टिंगल केली होती आणि ती मिळवलीही होती.

“उग्गता, ती पक्षीण तू होतास. राजा म्हणजे कुट्या वाटून देणारा हा भिक्खू, आणि खवले मांजर मी. आपल्यालाही हवं असलेलं दुसऱ्यासाठी सोडणं, हीच दानपारमिता.”

दुसऱ्या दिवशी सकाळी उग्गताने आपली चटई बाहेर काढली आणि पुण्णकाला हाताला धरून त्या कुटीत नेऊन बसवले.