जुना प्रोसेसर, चढा भाव

एकदा एका शिष्याने गुरूचे पैसे वाचवायचे ठरवले आणि गुरूला चांगलेच गोत्यात आणले.

गुरू म्हणजे संगणक दुरुस्त करणारे एक वृद्ध कारागीर. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांच्या दुकानासमोरच्याच साडीव्यापाऱ्याचे भरतकामाचे यंत्र बंद पडले होते. ते एका जुन्या संगणकावर चाले आणि त्या संगणकाचा प्रोसेसर जळला होता. संध्याकाळी एका नवरीचा शालू द्यायचा होता. पदर अर्धाच भरून झालेला. कामाच्या बायका हातावर हात ठेवून बसल्या होत्या.

उस्तादांनी जळका प्रोसेसर हाती देऊन शिष्याला शहरात पिटाळले. "अगदी हाच आण."

दुकानात भाव ऐकून शिष्याचे डोके फिरले. जुना महाग, आणि दुप्पट वेगाचा नवा स्वस्त! म्हाताऱ्याला बाजार कळत नाही, असे मनाशी म्हणत त्याने नवा घेतला आणि छाती फुगवून परतला.

उस्ताद रागावले नाहीत. म्हणाले, "वा! बसव."

बसेना. पिना आणि खाचा जुळेनात.

"बोर्ड बदलावा लागेल, उस्ताद."

"बदल."

"मग मेमरीही नवी लागेल."

"बदल."

शिष्य अडखळला. "नव्या बोर्डावर यंत्र जोडायचं जुनं कार्ड बसणार नाही. म्हणजे यंत्रसुद्धा..."

"तेही बदल!"

व्यापारी ताडकन उठला. "अहो, हा आता माझं दुकान बदलायला काढेल! शालूचं काय?"

"नवरीकडच्यांना मुहूर्त बदलायला सांगा, शेठ," एक मावशी म्हणाली. बायका खो खो हसल्या. शिष्याचे तोंड एवढेसे झाले.

उस्ताद उठले. आपल्या दुकानात गेले, चालता संगणक बंद केला, त्यातला तसलाच जुना प्रोसेसर काढला आणि आणून इथे बसवला. यंत्र घरघरले. सुई पदरावर धावू लागली.

शिष्य थक्क झाला. "उस्ताद, आपलं काम बंद पडलं की!"

"आपलं उद्यापर्यंत थांबेल. मुहूर्त थांबत नाही."

"पण जुना, मंद, आणि वर महाग? ही लूटच."

"लूट नव्हे," उस्ताद म्हणाले. "नवा कारखान्यातून रोज निघतो. हा बनवणं कारखान्याने कधीच सोडलं. उरले थोडे, त्यातले कित्येक भंगारात गेले. आणि यावाचून ज्यांची यंत्रं मुकी होतात, ते लोक अजून पुष्कळ आहेत. जुना घेणारा वेग विकत घेत नाही. बाकीचं सगळं आहे तसं चालत राहावं, हे तो विकत घेतो. नाल स्वस्त मिळाली म्हणून तू शेठना घोडा घ्यायला लावत होतास. सगळंच नवं मांडायचं असेल तेव्हा नवा घ्यावा. मीही घेईन."

व्यापारी आता खुशीत होता. "म्हणजे उस्ताद, तुमच्यासारख्या जुन्यांचा भाव चढाच राहणार!"

"आहेच. मजुरी देताना कळेल."

दुसऱ्या दिवशी शिष्य नवा परत करून जुना घ्यायला शहरात गेला. तिथे एक गिऱ्हाईक तावातावाने भांडत होते. "जुन्याला एवढे पैसे? मूर्ख समजता काय मला?"

शिष्याने त्याला बाजूला घेतले आणि हळूच विचारले, "दादा, आधी सांगा, घरी संगणक कोणता आहे?"