शेठच्या हौदातले मासे

"पण बाबा, मुक्या जिवांना घास घालायला तुम्ही नाही कसं म्हणता?"

हणमंतशेठ मठातल्या कुंडाच्या काठावर उभा होता. खांद्यावर मुरमुऱ्यांचं पोतं. शेठ आमच्या गावातला धान्याचा व्यापारी. हात सढळ, आणि दान केलं की पाटी लावायची भारी हौस. मठाच्या घंटेवरसुद्धा त्याचं नाव आहे.

त्या दिवशी मात्र तोंड पार उतरलं होतं. सहा वर्षांची नात, मुक्ता, डेंग्यूनं तालुक्याच्या दवाखान्यात पडली होती. ती बरी व्हावी म्हणून शेठ नवस बोलला होता, एकवीस दिवस कुंडातल्या माशांना जेवू घालीन.

मठाच्या केशरगीर बाबांनी पोत्यावर हात ठेवला.

"इथं नको."

"अहो, मासे बघा तुमचे, नुसत्या काड्या झाल्यात. माझ्या हौदातले तुम्हीच दिलेले ना? रोज सकाळी कणकेच्या गोळ्या घालतो मी त्यांना. कसे गुबगुबीत झालेत..."

गेल्या साली बाबांनी हे गप्पी मासे घरोघर वाटले होते. डासांवर उपाय म्हणून पिंपात, हौदात सोडा म्हणाले होते. बोटाच्या पेराएवढा जीव.

बाबांनी लोणच्याची रिकामी बरणी पुढं केली. काचेची.

"जा. तुझ्या हौदातलं पाणी आण. एक मासाही येऊ दे."

शेठचं घर मठाच्या मागंच. तो लगेच भरून घेऊन आला. बाबांनी बरणी उन्हात ठेवली.

शेठचा मासा तळाशी सुस्त पडून होता. त्याच्या तोंडासमोर दहा-बारा बारीक अळ्या वळवळत होत्या. त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

"हे किडे कसले, बाबा?"

"डासांची पिल्लं. पंख फुटले की उडतील."



बाबांनी कुंडात ओंजळ घातली. एक रोडका मासा उचलून बरणीत सोडला.

तो क्षणभर थांबला. मग सुटलाच. एक. दुसरी. तिसरी... वर श्वास घ्यायला आलेली, खाली बुडी मारणारी, एकही सुटली नाही. ना आवाज, ना झटापट. मी कुंडातलं शेवाळ काढत होतो, ते हातात तसंच राहिलं. खरं सांगतो, अंगावर काटा आला. एवढासा जीव, त्याला कुणी शिकवलं नाही, कुणी हुकूम दिला नाही, आणि आमचं अख्खं गाव तो सांभाळत होता. आम्ही कधी वाकून पाहिलंसुद्धा नव्हतं.

पाणी नितळ झालं. शेठचे हात आपोआप जोडले गेले.

तो बरणीवर वाकला. मग अगदी हळू म्हणाला, "म्हणजे मुक्ताला... माझ्याच हौदातून?"



शेठ मटकन पायरीवर बसला आणि रडला. समोर मी होतो, आणखी दोघे-तिघे होते. त्याला कशाचं भान नव्हतं.

"आता मी काय करू? माशांना जेवू घालायचं कबूल केलंय देवाला. हात आखडला आणि पोरीचं काही बरंवाईट झालं तर... आणि घातलं, तर दुसऱ्या कुणाची पोर..."

बाबा उठून आत गेले. चुलीजवळची चहाची गाळणी घेऊन आले. ती त्यांनी शेठच्या हातात ठेवली, आणि त्याची बोटं तिच्यावर मिटवली.

"नवस मोडू नकोस. घरोघर जा, प्रत्येक पिंपापुढं उभा राहा, आणि माशांसाठी अळ्यांची भिक्षा माग."