काही न करण्याचं काम

माजी सरपंच बापूराव ढमढेरे बोलायला लागले की देवळाचा भोंगासुद्धा लाजायचा. त्यांनी थोरल्या विक्रांतला कॉलेजात घातलं, वर मोटारसायकलही घेऊन दिली. त्याच्याहून हुशार मृणालला मात्र बारावीनंतर घरी बसवलं.

प्रवेशाची मुदत उद्या संपणार म्हणून कॉलेजच्या थोरात मॅडम स्वतः घरी आल्या. बापूरावांनी त्यांना ओसरीवर बसवलं आणि मृणालला चहा टाकायला सांगितलं.

"वहिनी काय करतात?" मॅडमनी सहज विचारलं.

"काही नाही, घरीच असते. बायकांवर काम करायची वेळ आम्ही कधी आणलीच नाही!"

आत भाकरी थापणाऱ्या त्यांच्या बायकोचा, इंदुबाईंचा हात थांबला.

"मग मृणालला का पाठवत नाही?"

"कसं पाठवणार? स्वयंपाक, धुणं, गोठा, त्यात माझी म्हातारी आई अंथरुणावर. एवढा रामरगाडा एकट्या बाईला उरकतो होय?"

मृणाल चहा घेऊन आली. आबांपुढे, म्हणजे वडिलांपुढे ती कधी बोलली नव्हती, पण आज गप्प बसली तर कॉलेज कायमचं सुटणार होतं.

"खरंय मॅडम," ती गंभीरपणे म्हणाली. "आई काहीच करत नाही. पण ते काहीच न करणं इतकं असतं, की तिला एकटीला उरकत नाही. म्हणून मी कॉलेज सोडलं."

मॅडमना चहाचा ठसका लागला. बापूरावांनी घाईघाईनं पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.

तेवढ्यात इंदुबाई पिठाच्या हातांनीच दारात आल्या. "तू जा गं कॉलेजात," त्या म्हणाल्या. "तुझ्या वाटणीचं काही न करणं तुझे आबा करतील."

दुसऱ्या दिवशी मृणालचा प्रवेश झाला, तेव्हा आबा धोतर खोचून गोठ्यात शेण भरत होते.